धरणाकाठी नवरदेवाची खुर्ची

तंबूत राहायला जायची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरात हा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात आणि मी उगाच खिडकीबाहेर बघत बसतो.

रहिमतपुरात आमचं गाद्यांचं दुकान आहे. कापूस पिंजायचा, खोळ भरायची, दाभणानं टाके घालायचे, हेच आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. त्यामुळे दुसऱ्याच्या गादीवर मला झोप लागत नाही. पाहुण्यांकडे गेलो की आधी गादी दाबून बघतो. एकदा एका मयताच्या घरीही दाबून बघितली होती. बायको अजून ते विसरलेली नाही.

तर कल्पना कशी सुचली ते सांगतो. माझी धाकटी बहीण सांगलीला दिली आहे. तिचा नवरा मस्कतला कामाला असतो. यंदा हिचाही व्हिसा आला. निघायची तयारी सुरू झाली आणि एका दुपारी ती आमच्या ओट्यावर बसून रडायला लागली. कारण विचारलं तर म्हणाली, "कित्येक वर्षांत अम्मा माझ्या घरी एक रात्र राहिली नाही. सकाळी येते, संध्याकाळी निघते. आता मी समुद्रापलीकडं चाललेय. माझ्यात काय खोट आहे ते तरी सांगा मला."

अम्मा आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, पण ती बाहेर आली नाही.

खोट बहिणीत नव्हती, अम्माच्या गुडघ्यात होती. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला उकिडवं बसता येत नाही. तिच्यासाठी आम्ही एक स्टीलची खुर्ची आणली आहे, मध्ये भोक असलेली, संडासात ठेवायची. बस, एवढंच. पण अम्माच्या हिशेबी ही जगातली सगळ्यात लाजिरवाणी वस्तू. घरातल्या आम्हा चौघांना ठाऊक, पण बहिणीला सांगायचं नाही, ही सक्त ताकीद. अम्माचं म्हणणं, सासरी गेलेल्या मुलीला सांगितलं म्हणजे सासरला सांगितलं, आणि सासरला सांगितलं म्हणजे सांगली शहराला सांगितलं. त्यामुळे बहीण आमच्याकडे येणार असली की मी ती खुर्ची गादीच्या खोळीत घालून, वरून टाके मारून, दुकानामागच्या कोठीत ठेवून देत असे. गिऱ्हाइकाच्या मालासारखी ती तिथं मुकाट पडून राही.

आता बहीण रडतेय, अम्मा भाकरी हातात धरून आत उभी आहे, आणि दोघींच्या मध्ये मी. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी म्हणालो, "आपण सगळे मिळून तंबूत राहायला जाऊ. कोयनेच्या पाण्याकाठी, बामणोलीच्या अलीकडं. ना तुझं घर, ना आमचं घर. सगळे एका रात्रीसाठी एकत्र."

बहिणीनं डोळे पुसले. "अम्मा येईल?"

"आणतो मी," म्हणालो. छाती पुढं काढून म्हणालो, हे बायकोचं म्हणणं. मला तसं आठवत नाही.

अम्माला तयार करणं सोपं गेलं. मी आत जाऊन हळूच सांगितलं, "तुझी खुर्ची खोळीत शिवून आणतो. तिथल्या संडासात मी आधी जाऊन ठेवतो. तुझ्या लेकीला वासही लागणार नाही."  अम्मा म्हणाली, "तुझ्यावर सोपवू?" तिच्या आवाजात जी शंका होती ती पन्नाशीच्या मुलासाठी अपमानास्पद होती. आणि अगदी रास्त.

मग मी नियम काढला. तंबूत जायचं म्हणजे साधेपणानं राहायचं, ज्यानं त्यानं आपल्या गरजेची एकच वस्तू घ्यायची. ह्या नियमाचं काय झालं ते ऐका. बायकोनं एकच वस्तू घेतली, पत्र्याचा डबा. त्या डब्यात चहापत्ती, साखर, आलं, किसणी, गाळणं, पातेलं, आणि पातेल्याला फडकं. दुसऱ्याच्या हातचा चहा तिला चालत नाही, आणि ज्या दिवशी तिचा चहा चुकतो त्या दिवशी आम्हीच तिला चालत नाही. आमची लेक कराडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिनं एकच बॅग घेतली, जिच्या आत आणखी तीन बॅगा होत्या.

"अगं, एक वस्तू म्हणालो होतो."

"अब्बा, बॅग एकच आहे. आत काय आहे हा तुमचा प्रश्न नाही."

बहीण सांगलीहून पाणी तापवायचा रॉड घेऊन आली. गार पाण्यानं तोंड धुतलं की तिचं डोकं धरतं म्हणे. तंबूत त्याला वीज कुठून मिळणार, हे कुणी विचारलं नाही, कारण तेवढ्यात सगळ्यांचं लक्ष गाडीच्या टपाकडे गेलं होतं. टपावर मी आमच्या दुकानच्या पाच गाद्या बांधत होतो.

"ह्या वो कशाला?" बायको म्हणाली.

"गादी वस्तूत धरायची नाही," मी म्हणालो. "गादी म्हणजे पाया."

"तिथं देतात की हवा भरलेल्या."

"हवेवर झोपायला मी फुगा आहे का?"

पहाटे कोठीत जाऊन मी खोळीत शिवलेला तो बोजा उचलला, गाद्यांच्या मध्ये दडवला, वरून दोरी आवळली. अम्मानं खिडकीतून डोळ्यांनीच विचारलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, निर्धास्त राहा.

घाट चढताना गाडीत मोठी मजा होती. बहीण आणि अम्मा मागं शेजारी बसल्या होत्या. बहीण सांगत होती की तिथं भाजी कशी मिळते, घर कितव्या मजल्यावर आहे. अम्मा तिचा हात मांडीवर घेऊन बसली होती आणि मधूनमधून "व्हय का?" म्हणत होती. मी आरशातून बघत होतो आणि स्वतःवर इतका खूश होतो की एका वळणावर समोरून एसटी येतेय हे मला एसटीच्या ड्रायव्हरनं सांगावं लागलं. त्यानं जे शब्द वापरले ते लिहीत नाही.

जागा होती सुंदर. खाली धरणाचं पाणी, वर झाडी, मध्ये उतारावर तंबू. जागेचा मालक लष्करातून निवृत्त झालेला शेतकरी. मिशा राखलेला, आवाज परेडचा. "या, या! कसला त्रास झाला न्हाई न्हवं? आवं आजी, सावकाश, दगड हाय." तंबू दाखवून झाल्यावर मी सहज विचारलं, "तुम्ही पण इथंच झोपता का?"

"मी? मी घरात. पलंगावर." त्यानं वरच्या स्लॅबच्या घराकडं बोट केलं. "उभी नोकरी तंबूत गेली, शेठ. आता कुणी पेन्शन डबल करतो म्हनलं तरी तंबूत न्हाई झोपनार. तुमी झोपा की. लय भारी वाटतंय."

हा माणूस मला तिथंच आवडला. संडास बघून घेतला. तंबूमागं पत्र्याची खोली, आत स्वच्छ फरशी, पण बसायचं ते उकिडवंच. म्हणजे सगळा भार माझ्या बोजावर. मी ठरवलं, बायका चहात गुंतल्या की हळूच खोळ उसवायची आणि खुर्ची आत नेऊन ठेवायची.

मी तंबूमागं बसून टाके उसवायला लागलो. पहिला टाका सुटला आणि आतून लाल मखमल दिसली. अम्माच्या खुर्चीला मखमल नाही. मी आणखी दोन टाके काढले. मग सोनेरी पाय दिसला.

आता खरं सांगायचं तर कोठीत तशाच खोळीतला दुसरा एक बोजा होता. आमच्या गावच्या मंडपवाल्यानं हळदीला नवरदेवाला बसवायची खुर्ची गादी बदलायला दिली होती. मी ती बदलून, धूळ बसू नये म्हणून, त्याच कापडाची खोळ घालून, तसेच टाके मारून ठेवली होती. अम्माची खुर्ची लपवायला मी जी युक्ती काढली होती ती इतकी उत्तम निघाली, की मलाच ओळखू आली नाही.

खोळ परत शिवावी म्हणून मी दाभण शोधतोय तोच मागून बहिणीचा आवाज आला. "भाई! हे काय?" तिनं एका ओढीत खोळ काढली. सूर्य मावळतीला आला होता. त्या उन्हात खुर्ची अशी झगमगली की जागेचा मालकसुद्धा वरून खाली बघायला आला.

"अम्मासाठी?" बहीण खुर्चीभोवती फिरून आली. "तू अम्मासाठी सिंहासन आणलंस?"

हो म्हणावं की नाही म्हणावं, ह्याचा विचार करायला मला वेळ हवा होता. तो कुणी दिला नाही. बहिणीनं खुर्ची पाण्याकडं तोंड करून मांडली, अम्माला हाताला धरून आणलं आणि बसवलं. माझ्या लेकीनं फोटो काढायला सुरुवात केली. मालक म्हणाला, "आजी, आता नुसतं मुंडावळ्या पायजेत!" सगळे हसले.

अम्मा हसली नाही. तिनं मखमलीवर हात फिरवला, मग बसल्या जागीच बुडाखाली चाचपून बघितलं. भोक नव्हतं. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेसाठी मला शब्द सापडत नाहीत, आणि सापडले तरी आईविषयी ते लिहिता येणार नाहीत.

"माझी कुठाय?" ती ओठ न हलवता म्हणाली.

"कोठीत," मी तसाच म्हणालो.

"गाढवा."

मग ती मोठ्यानं म्हणाली, "चला. अंधार पडायच्या आत घाट उतरू. मला घरी जायचंय."

हसणं एकदम थांबलं. बहीण हातातलं चहाचं भांडं तसंच धरून उभी राहिली. "आत्ता तर आलो. रात्री राहायचं ठरलंय ना?"

"माझं अंग बरं न्हाई."

"गाडीत तर बरं होतं. खुर्चीवर बसलीस तवा बरं होतं." बहिणीनं भांडं खाली ठेवलं. "माझ्या घरी राहायचं नाही, समजलं. तिथं माझ्या सासूची अडचण असेल. पण हे कुणाचंच घर नाही, अम्मा. इथं काय अडतंय? माझ्यासोबत एक रात्र काढणं तुला इतकं जड जातं?"

बायकोनं पातेल्याखालचा गॅस बंद केला. लेकीनं मोबाइल खिशात घातला. मी तोंड उघडलं, पण अम्मानं हात वर करून मला गप्प केलं, कारण मी तोंड उघडलं की पुढं काय होतं ह्याचा तिला अनुभव आहे.

अम्मा त्या लाल मखमलीवर ताठ बसली होती. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "मला उकिडवं बसता येत न्हाई. गुडघं कापल्यापासनं. घरी एक खुर्ची हाय, भोकाची. ती ह्या शहाण्यानं आणायची होती. त्यानं ही आणली. आता कळलं? म्हणून मी तुझ्याकडं रात्री राहत न्हाई. तुझ्या सासूसमोर ती खुर्ची डोक्यावर घेऊन येऊ का?"

 मालक सभ्य माणूस, तो उगाच एका झाडाची फांदी निरखायला लागला.

बहिणीला आधी हसू आलं. तिनं तोंडावर हात घेतला, पण ते आवरेना. मग हसता हसता ती रडायला लागली, आणि मग जाम चिडली. "एवढ्यासाठी? मी रात्र रात्र जागून विचार करायची, अम्माला माझं काय खटकतं. आणि हे? माझ्या सासूला तर उठता-बसता दोघी लागतात! ती तुझ्या खुर्चीवर हक्क सांगेल, कळलं का!"

"व्हय का?" अम्मा म्हणाली. पहिल्यांदाच तिला ह्यात रस वाटला. "तिचेबी गेले का गुडघे?"

"कधीचे. तुला सांगायचं नाही म्हणून मला बजावलंय तिनं."

त्यावर अम्माच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते खरं म्हणजे दाखवू नये असं होतं. पण संडासाचा प्रश्न तसाच होता. मालकानं फांदी सोडली आणि म्हणाला, "आवं, त्यात काय एवढं? प्लास्टिकची खुर्ची हाय, करवत हाय. भोक पाडू."

"मी पाडतो," मी म्हणालो.

"तुमी राहू द्या, शेठ. गादीवाल्याचं काम न्हाई ह्ये."

पण सकाळपासून झालेली नाचक्की मला भरून काढायची होती. मी करवत घेतली आणि भोक पाडलं. मोठं पाडलं, म्हणजे अम्माला ऐसपैस व्हावं. खुर्ची पेलेल का हे बघायला आधी मीच बसलो. खुर्चीनं पेललं. पण भोकानं मला पोटापर्यंत आत घेतलं आणि सोडायला तयार होईना. पाय वर, हात वर, आणि मध्ये मी.

"अब्बा, हलू नका, एक फोटो," लेक म्हणाली.

मालक आणि बायको दोन बाजूंनी ओढत होते. बायको ओढताना म्हणत होती, "हवेच्या गादीवर झोपत न्हाई म्हणे. फुगा न्हाई म्हणे." शेवटी खुर्चीच फाटली आणि मी बाहेर आलो. अम्मा सिंहासनावर बसून हे सगळं बघत होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. ऑपरेशननंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, पण त्या वेळी माझं लक्ष दुसरीकडं होतं. दुखत होतं.

मालकानं दुसरी खुर्ची आणली, ती बहिणीनं माझ्या हातातून काढून घेतली. तिनं स्वयंपाकातलं ताट बैठकीवर ठेवून कोळशानं गोल आखला आणि जमिनीवर मांडी घालून करवत चालवायला लागली. अम्मा वरून सांगत होती, "जरा पुढं घे. एवढं नको. माझं माप तुला काय ठाव?" "अम्मा, गप बस. मी तुझीच लेक आहे, अंदाज आहे मला." कापलेली कड खरखरीत झाली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. मी गुपचूप एका गादीचा कोपरा उसवला, कापूस काढला, कडेभोवती गोल वळकटी केली, वरून मालकाच्या फाटक्या रेनकोटचं कापड घेतलं आणि दाभणानं टाके घातले. नीट, एका रेषेत. हे मात्र मला येतं. बहिणीनं बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाली, "बरं झालंय." त्या सबंध दिवसात माझं तेवढंच एक कौतुक झालं.

अम्मा राहिली. रात्रीबद्दल मला फार सांगता येणार नाही, कारण मला दुसऱ्या तंबूत धाडलं होतं. मायलेकींच्या तंबूतून बराच वेळ कुजबुज येत होती, मधेच हसणं, आणि त्यात माझा उल्लेख असावा असा आवाज. सकाळी उठलो तर सगळ्या गाद्या जमिनीच्या ओलीनं भिजलेल्या. तीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो की कापसाची गादी मातीवर टाकू नका, ओल धरते. आमची ओल धरून एवढी जड झाली होती की टपावर चढवायला मालकाला खालून खांदा द्यावा लागला. "ही गादी हाय का म्हस?" तो म्हणाला. त्यानं तोडलेल्या खुर्च्यांबद्दल काही घेतलं नाही. म्हणाला, रात्री घरच्यांना ही गोष्ट सांगितली, वसूल झालं.

टपावर ओल्या गाद्या, त्यावर नवरदेवाची खुर्ची, आणि सगळ्यात वर प्लास्टिकची. मी प्लास्टिकच्या खुर्चीला खोळ चढवायला घेतली तर अम्मा म्हणाली, "ऱ्हाऊ दे उघडी. वाळंल." साताऱ्याला उतरलो. डावीकडं आमच्या गावचा रस्ता. मी इंडिकेटर दिला.

"कुठं चाललास?" अम्मा मागून म्हणाली.

"घरी."

"सांगलीला घे."

"अगं, तुझी कापडं? औषधं?"

"औषधं पिशवीत हायत. कापडं हिची घालीन. ही जाईस्तवर मी तिथंच."  बहिणीनं अम्माच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी इंडिकेटर बंद केला. बायकोला मात्र वाटेत चहा करायला थांबायचं होतं, ते थांबलो.

कराडच्या सिग्नलला गाडी उभी होती. शेजारी एक मोटरसायकलवाला आला. त्यानं वर बघितलं, परत नीट बघितलं, आणि काचेवर टकटक केलं. "पाव्हणं, वरच्या खुर्चीला भोक पडलंय की! पडली का काय वाटंत?"

मी काहीतरी थाप मारायच्या बेतात होतो. शेतीच्या औजाराचं वगैरे काहीतरी जुळवत होतो. तेवढ्यात मागची काच खाली गेली.

"पडलं न्हाई, पाडलंय," अम्मा त्याला म्हणाली. "माझी हाय ती. लेकीकडं राहायला चाललीय मी."

तो बिचारा "बरं, बरं आजी" म्हणाला. सिग्नल सुटला. मागून सगळे हॉर्न वाजवायला लागले आणि माझी गाडी बंद पडली.